खोडावरच्या काळ्या रेघा

३ मार्च, सकाळी १०
सापडलं! कॉलेजमागच्या जुन्या झाडाच्या खोडावर लायकेन. राखाडी पापुद्रा, सालीला घट्ट चिकटलेला. त्यावर काळ्या वळणदार रेघा, घाईत सही ठोकल्यासारख्या. या वंशातल्या सगळ्या जाती मला तोंडपाठ आहेत (जवळजवळ). ही त्यात नाही. म्हणजे नवी. लगेच मोबाईलवर फोटो काढला.
शुक्रवारी हे झाड पार्किंगसाठी पाडणार. प्राचार्य म्हणाले, तोवर तज्ज्ञाचं लेखी आणा, झाड ठेवतो. बॉटनी शिकवायची माझी नेमणूक एप्रिलपर्यंतच आहे. नवी जात म्हणजे परमनंट! झाडही वाचलं, मीही.

३ मार्च, संध्याकाळ
बायकोला समजावलं: लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. बुरशी घर देते, शैवाल स्वयंपाक करतं. ती म्हणाली, "मग बुरशी दिवसभर घरात बसून करते काय?"

४ मार्च
विद्यापीठातल्या लायकेनवाल्या बाईंना फोन. शुक्रवारी साडेनऊला येतायत. म्हणाल्या, चिमूटभर नमुना घ्या, कागदी पाकिटात ठेवा, बाकीचं झाडावरच राहू द्या. कागदी! जुन्या पिढीतल्या आहेत.

५ मार्च, दुपार
घात! शेजारच्या टेबलावरचा झूऑलॉजीवाला झाडाखाली मोबाईल घेऊन उभा. म्हणे, खारीचा फोटो काढतोय. खार म्हणे! मी काय दुधखुळा आहे?
तो जाताच सुरीने सगळं खरवडून घेतलं. कणभरही ठेवलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या कापसासकट, हवाबंद. आता या शोधाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

६ मार्च
पिशवीला आतून वाफ. श्वास घेतंय! कडेला पांढरी लव आलीय. एका दिवसात वाढ? पुस्तकं म्हणतात, लायकेन वर्षाला मिलिमीटरभर वाढतं. पुस्तकं बदलावी लागणार.
 

७ मार्च, सकाळी ११
बाई वेळेवर आल्या. करवतवाले त्यांच्याही आधी. बाईंनी पिशवी उघडली आणि मान मागे घेतली. "ही शिळ्या पावावरची बुरशी. आतलं सगळं कुजलंय."
मी सोमवारचा फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "हे मी कधी पाहिलेलं नाही. नुसत्या फोटोवर लिहून देता येत नाही. पण झाडावर उरलंय ना? बोटभर दाखवा, आत्ता सही करते."
"बघतो," म्हणालो.
खोडाभोवती पाच फेऱ्या मारल्या. बाई भिंग घेऊन मागे. झूऑलॉजीवालाही गुडघ्यांवर बसून शोधू लागला. सगळीकडे स्वच्छ साल. काम फार नीट केलं होतं मी.
प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे.
मी बाजूला झालो.