सुलभावहिनी, तुझ्या नावाचा भोंगा

प्रिय सुलभावहिनी,

तू गेल्यापासून मी तुझ्याशी मनातल्या मनातच बोलत होते. पण काल अभयारण्याच्या गेटवर जे पाहिलं, ते मनात ठेवणं मला झेपणार नाही. म्हणून आज सकाळी, पाववाल्या पोदेराकडून घेतलेले उंडे तसेच टोपलीत टाकून लिहायला बसले आहे. दादाला काय बोलायचं ते कालच बोलून झालं. आता तुझी पाळी.

तुझ्या नावानं उपक्रम सुरू झालाय! 'सुलभाबाई बालवनमित्र'. लहान मुलांना जंगलाची ओळख करून देणारा. गेटवर तुझा हा एवढा मोठा फोटो. शाळेच्या ओळखपत्रावरचा ताणून मोठा केलाय, त्यामुळे तू डोळे वटारून बघतेयस असं वाटतं. सगळ्या कार्यक्रमात तेवढंच काय ते बरोबर जमलं होतं.

कार्यक्रम भरवणारी कुठलीशी कंपनी आहे. त्यांची माणसं इब्रामपूरला दादाकडे आली. बाईंनी इतकी वर्षं शाळेतल्या मुलांना रान दाखवलं, त्यांचं नाव द्यायचं आहे, म्हणाली. दादा लगेच विरघळला. तुझं नाव कोणी आदरानं घेतलं की त्याला पुढचं काही दिसत नाही, हे मला कळतं. पण त्या नावाखाली तुम्ही करणार काय, एवढं तरी विचारावं की नाही माणसानं?

तू काय करायचीस ते त्यांना ठाऊक तरी होतं का? मुलांच्या हातात काही नाही. वही नको, पेन्सिल नको. लिहायला लागलात की बघायचं राहून जातं, म्हणायचीस. प्रत्येकानं आपापलं झाड निवडायचं आणि तू हाक मारीपर्यंत त्याच्याखाली गप्प बसायचं. परतताना गेटवर एकेकानं सांगायचं, काय दिसलं, काय ऐकलं. 'काय दिसलां नाय' हेही उत्तर चालायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. नंतर केळीच्या पानात बांधलेली भाजी आणि उंडे. मी तुला चिडवायचे, "वहिनी, गप्पच बसवायचं तर एवढ्या लांब कशाला नेतेस? घरी बसव की!" तू नुसती हसायचीस. हसून उत्तर टाळायची ती तुझी सवय मला कधीच आवडली नाही.

आणि ते गाऱ्हाणं! आपल्याकडे नवं काही करायचं, कुठं पाऊल टाकायचं, तर आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. पण घालतात ते पुरुष, गावकर मंडळी. तू खुशाल गेटवर चपला काढून उभी राहायचीस आणि रानाच्या राखणदाराला सांगायचीस, "बा देवा राखणदारा, आज ही पोरां तुझ्या रानात आयली आसत. पानाक हात लावची नायत. बोवाळ करची नायत. झाडार, बिळात तुझी लेकरां आसत, तेंका भियवची नायत." आणि प्रत्येक वाक्याला मुलांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." पहिल्यांदा दादाच अडला होता, आठवतं? बायल माणूस गाऱ्हाणं घालता, लोक काय म्हणतील, म्हणून. तू शांतपणे म्हणालीस, "देवाक नाका जाल्यार तो सांगतलो." देवानं काही सांगितलं नाही. दादानंही मग अडवणं सोडलं.

आता कालचं ऐक.

गेटच्या आतच मांडव. दोन्ही बाजूंना भोंगे. वर ते ड्रोन घूं घूं करत फिरतंय आणि सावरीवरचे पक्षी कधीच पळालेत. कापसानं भरलेला वाघ, त्याच्या गळ्यात हात घालून फोटो काढायला पालकांची रांग. मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे कान. जंगल मांडवाच्या मागे होतं, वहिनी. तिकडे ज्याची पाठ नव्हती असा एकही माणूस मला दिसला नाही!

तुझ्या शाळेची मुलंही बोलावली होती. वरच्या वर्गातली तीच, जी तुझ्याबरोबर रानात जाऊन आलीत. सूत्रसंचालकानं जाहीर केलं, आता बाईंची आठवण म्हणून पारंपरिक गाऱ्हाणं. आणि ते घालायला कोण उभं राहिलं असेल? दादा! माइक हातात, खांद्यावर नवा पंचा. तुझेच शब्द. 'बोवाळ करची नायत', गोंगाट करणार नाहीत, हे म्हणताना त्याचा आवाज फुटला. मुलं म्हणाली, "व्हय म्हाराजा." इतकी वर्षं ऐकलेलं, पण अंगावर काटा आला. मी रडले. ते तुला सांगायला मला लाज नाही.

पण मुलांचा शेवटचा 'म्हाराजा' संपतो न संपतो तोच भोंग्यातून संगीत सुटलं. सूत्रसंचालक नाचत पुढे आला. प्रश्नमंजुषा! जो सगळ्यांत मोठ्यानं उत्तर देईल त्याला वनमित्राचा बिल्ला. गोव्याचा राज्यप्राणी कोणता? बाकीच्या शाळांची मुलं बेंबीच्या देठापासून ओरडली. तुझी मुलं गप्प.

पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. उत्तर येत नव्हतं असं समजू नकोस. गवारेडा तर ती पोरं परसातल्या गाईइतका ओळखतात. तो माणूस त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, माइक तोंडाशी धरला. मुलांनी माना खाली घातल्या. तेव्हा तो सगळ्यांकडे बघून हसत म्हणाला, "गावची मुलं जरा बुजरी असतात. बोलतं करावं लागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुजरी? मी उठून मुलांकडे गेले. तुझी ती दिव्या होती, वेणीचं टोक चावत बसायची ती. मी विचारलं, का गं बोलत नाहीस? ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आमी आताच देवाक व्हय म्हणलां गे. मागीर बोवाळ कसो करतलीं?"

सगळ्या मांडवात गाऱ्हाणं खरं मानणारी ती मुलं तेवढीच होती. बाकी सगळ्यांना तो एक कार्यक्रम वाटला. आणि बिल्ले वाटले तेव्हा, वहिनी, तुझ्या नावाच्या उपक्रमात तुझ्याच मुलांना बिल्ला मिळाला नाही. ती रिकामी परतली. रानात पाऊलही न टाकता परतली!

मी त्या कंपनीच्या माणसाला गाठलं. म्हटलं, आमच्या वहिनीचं नाव काढा. तो म्हणाला, मॅडम, फ्लेक्स छापून झालेत, पुढच्या शाळा ठरल्यात, भावना समजतात. भावना समजतात म्हणे! मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात मागून दादा आला. त्याला मी दिव्याचं बोलणं सांगितलं होतं. तेव्हापासून तो खुर्च्यांच्या रांगेतल्या शेवटच्या कदेलावर पंचा मुठीत धरून बसला होता. त्यानं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या बायलेचां नाव माका परत दियात."

मग गेला आणि तुझ्या फोटोच्या दोऱ्या स्वतः सोडायला लागला. कोणी अडवलं नाही. गुंडाळी काखेत मारून घरी आणली. आता ती परसातल्या लाकडांवर घातलीय, तुझा चेहरा आतल्या बाजूला. बाकीच्या फलकांवरचं नाव काढतो असं त्या माणसानं कबूल केलंय. नाही काढलं तर त्याला मी आहेच.

तुझ्यावरही राग आहे माझा. एवढं सगळं केलंस, पण कोणाच्या हाती सोपवलं नाहीस. बघून शिकतील, म्हणायचीस. बघून हे शिकले बघ! एक माणूस तरी तयार करून जायला नको होतं?

पण दिव्या आठवली की माझं तोंड बंद होतं.

तेव्हा ऐक. येत्या रविवारी मी त्या मुलांना घेऊन रानात जाते आहे. त्यांच्या नव्या बाईंशी आणि गेटवरच्या गार्डशी बोलून झालंय. भाजी दादा करणार आहे, तेव्हा ती खारट होणार हे धरून चाल. गाऱ्हाणं मात्र त्याला घालू देणार नाही. ते मी घालीन, चपला काढून, तुझ्यासारखी. बायल माणूस म्हणून कोणी काही बोललंच, तर तुझ्यासारखी शांतपणे बोलणार नाही, हेही आताच सांगून ठेवते.

मुलं 'व्हय म्हाराजा' म्हणतील, तेवढं कान देऊन ऐक. त्यानंतर तुला काहीच ऐकू येणार नाही. काही ऐकू आलं नाही, की समज, सगळं नीट चाललंय.

तुझी भांडकुदळ नणंद,
नलू