चिंचेखालचा दगड

केळझर, मंगळवार

चि. मनोहर यास सुलोचनाताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. रीताचा गुडघा कसा आहे? सांगितलेला व्यायाम ती करत नसणार. (हे तुझ्या बायकोला वाचून दाखव.) फोन केला असता, पण सासूबाई शेजारी बसून ऐकतात आणि मध्येच उत्तरंही देतात.

आमच्या भाजीच्या वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत गाडी जात नाही, हे तू पाहिलं आहेस. तुझे भाऊजी आजही वांगी-मिरच्या कावडीनेच नेतात. (कावड म्हणजे खांद्यावर आडवी काठी आणि दोन टोकांना टोपल्या. रीता नागपूरची, तिला सांगावं लागेल.) वाटेत गिऱ्हाइकाने एका टोपलीतली वांगी घेतली की ती बाजू हलकी होते. मग तोल सांभाळायला तिच्यात वाटेवरच्या चिंचेखालचा दगड ठेवायचा आणि परत येताना उचलला तिथेच ठेवायचा, अशी इथल्या भाजीवाल्यांची रीत. एके दिवशी भाऊजींना टीव्हीवरचा सामना गाठायचा होता. त्यांनी चिंचेपाशी थांबून दगड ठेवलाच नाही, तसेच पुढे येऊन आमच्या विहिरीत टाकला.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हाताने घरी आले, ते उजवीकडे कलून, उजवा हात बाजूला काढून, डाव्या हातात भरलेली बादली असावी तसे. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, घाबरले नाही. ओझं एका बाजूला असलं की धड दुसऱ्या बाजूला झुकतं आणि मोकळा हात तोल सावरायला बाहेर जातो. भाऊजी सगळं पुस्तकाबरहुकूम करत होते, ओझं तेवढं नव्हतं. पण वाफ्यातल्या चिखलात डाव्या पायाचा ठसा उजव्याहून खोल उमटत होता, आणि डाव्या तळहातावर दोरीचा वळ उठला होता, ताजा.

वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, सगळं छान आहे म्हणाले, फक्त ओझं उचलू नका. त्यावर हे म्हणतात, "उचलून कोण राह्यलं डॉक्टरसायेब? ते उतरून नाई राह्यलं."

सासूबाईंचं म्हणणं, फेकलं म्हणजे उतरवलं असं होत नाही. त्यांना मी अंधश्रद्धेविषयी थोडक्यात समजावलं. मग वाडीत कोणी नाही असं पाहून चिंचेखाली दुसरा एक दगड नेऊन ठेवला. (प्रयोग म्हणून.) फरक पडला नाही. भाऊजी रोज थोडे जास्त कलत गेले. पाटावर बसले तरी उजव्या कुशीवर आडवे होतील असं वाटे. माणूस असा किती दिवस टिकणार?

शनिवारी बांधावरून ते पडणार, तेवढ्यात मी त्यांचा डावा हात धरला. भाऊजी एकदम ताठ झाले. लग्नातही इतके ताठ नव्हते. घरापर्यंत शीळ घालत आले, मी मागून. अंगणात सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "तू काऊन अशी चालून राह्यली?"

असो. भाऊजींची तब्येत उत्तम आहे. दोन वेळा जेवतात आणि मला सांगतात, जराशी सरळ चालत जा, लोक पाहतात. मीही ठीक आहे. उजवा हात बाहेर ठेवला की चालता येतं, दारातून तेवढं तिरपं व्हावं लागतं. काळजीचं कारण नाही, उगाच धावत येऊ नकोस.

तुझी,
सुलोचनाताई

ता.क. - तुझं पाणी उपसायचं डिझेल इंजिन घेऊन लगेच ये. विहिरीतला गाळ काढायचा आहे असं घरात सांगितलं आहे. गाळ नाही. तळाशी दगड बरेच असतील, पण त्यातला कोणता ते उचलून पाहिल्यावर कळेल, वजन आता माझ्या ओळखीचं आहे.

दुसरा ता.क. - आल्यावर माझ्या पाया पडू नकोस. सवयीने मी तुला उठवायला हात पुढे करीन, आणि तू तो धरशील.