ताईचा प्रश्न

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. माझी तब्येत छान आहे, जेवणाचीही आबाळ नाही. भावजींचा गुडघा कसा आहे?

माझ्या निबंधाला तत्त्वज्ञानाचं बक्षीस मिळालं, हे तू एव्हाना शेजारीपाजारी सांगून आली असशील. पण एक सांगायचं राहिलंय.

कॉलेज सोडून तू बाबांचं आजारपण काढत होतीस. तेव्हा त्यांच्या चादरी पिळता पिळता म्हणाली होतीस, "विसरायचंच असेल, तर माफ करायला उरतं काय?" अख्खा निबंध त्या वाक्यावर उभा आहे. समारंभात अध्यक्षांनी विचारलं, "हा प्रश्न सापडला कुठे?" मी म्हणालो, "सुचला असाच." टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना खरं सांगितलं. ते हसले, "घरातलं बोलणं कोण मोजतं?" मला हसू आलं नाही.

आता त्या निबंधाचं पुस्तक निघतंय. हा प्रश्न तुझा आहे, असं पहिल्याच पानावर छापायला सांगितलंय. तुझं कॉलेज मात्र त्यानं परत येत नाही.

नाव माहेरचं छापू की सासरचं? तुला काय आवडेल, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही गं.

तुझा,
धाकटा