मागच्या दाराचा पोचा

२९ सप्टेंबर १९९७
गाडी लागली. ऑफिसच्या तळघरात रिव्हर्स घेताना, खांबाला. मागच्या दाराला चांगला मोठा पोचा. शेजारी बसलेल्या मोहनला नेमकं तेव्हाच सांगत होतो की बायकांना अंतराचा अंदाज म्हणून नसतोच, विद्याला शिकवताना जीव जातो माझा. मोहन नुसता हसला. घरी यायला उशीर झाला. वि.ला उद्या सांगू.

३० सप्टें.
सांगायच्या आत वि. सकाळी गाडी घेऊन गांधीबाजारला गेली. पहिल्यांदाच एकटी! भाजी-फुलं घेऊन आली ती काय ऐटीत. दारातच घरमालक अण्णा उभे. "हे काय हो? बायकांचं ड्रायव्हिंग म्हणजे असंच बघा. स्वल्प जागा जास्त सोडायला सांगा त्यांना."
मी हसलो. हसलो!! तोंड उघडायची तीच वेळ होती.
वि. पोच्यावरून हात फिरवत राहिली. "मला कळलंसुद्धा नाही रे?"
"होतं असं," म्हणालो. वर आणखी, "तुम्हा बायकांना अंतराचं जरा..."

१ ऑक्टो.
वि. पायी गांधीबाजारला जाऊन आली. गाडी कुठे लागली ते शोधायला. कुणाला धक्का बसला असेल तर माफी तरी मागायला हवी म्हणे. फुलवालीला विचारलं, नारळवाल्याला विचारलं, मोडक्यातोडक्या कन्नडात. कुणीच काही पाहिलेलं नाही. त्यामुळे जास्तच घाबरलीय. धड जेवली नाही. मी मात्र दोनदा भात घेतला. लाज वाटते.

४ ऑक्टो.
बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली लॅबची नोकरी चालून आलीय. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून वि. अशाच नोकरीची वाट बघत होती. दोन बस बदलून मुलीच्या वेळेत परत येणं जमत नाही, म्हणून तर गाडी शिकली. आज म्हणते, "दसरा झाला की 'नाही' म्हणून कळवते. तिकडे जाताना होसूर रोडवर लॉऱ्या असतात. मला लागलेलं कळत नाही, मी काय चालवणार?"
सांगणारच होतो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तेवढं निमित्त पुरलं मला.

१० ऑक्टो., खंडेनवमी
इथे आज गाड्यांची पूजा. अण्णांच्या घरच्या अक्कांनी झेंडूच्या माळा बांधल्या, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. वि.ने एक हार बरोब्बर पोच्यावर सोडला. गाडी पुढे घेऊन लिंबं चिरडायची असतात. अक्का म्हणाल्या, "विद्या, तूच घे की गं पुढं."
वि.ने किल्ली माझ्या हातात दिली. "यालाच येतं नीट."
चिरडली लिंबं. अण्णांनी टाळ्या वाजवल्या. वि.नेही. त्या टाळ्या अजून कानात आहेत. नालायक आहे मी.

१२ ऑक्टो., रविवार
उद्या कारखान्यात फोन करून 'नाही' म्हणून सांगणार ती. आत्ता म्हटलं, "चल, माझ्या ऑफिसपर्यंत जाऊन येऊ. तू चालव."
"मी नाही."
"मी बसतो ना शेजारी. तिथला एक खांब दाखवायचाय तुला."
"खांब?" बघत राहिली माझ्याकडे. मग चष्मा शोधायला आत गेली.
अजून शोधतेय. किल्ली टेबलावर काढून ठेवलीय. त्या खांबाला आपल्या गाडीचा पांढरा रंग लागलाय, गुरुवारी पाहिला तेव्हा होता. एव्हाना कुणी पुसला असेल तर बरं, असं आत्ता लिहिता लिहिता वाटून गेलं.