आधी कॉम्प्युटर, मग कविता

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.
घशाच्या डॉक्टरांकडून आलो. स्वरयंत्रावर गाठ आहे म्हणे. ऑपरेशन २० मार्चला. नंतर आवाज पूर्वीसारखा राहील याची हमी नाही. तोवर कमी बोला, आणि काही म्हणून ठेवायचं असेल तर आत्ताच, सकाळच्या वेळी म्हणून ठेवा, असं म्हणाले. डॉक्टर तरुण आहेत. तरुणांना अतिशयोक्ती आवडते.
तरीही निश्चय केला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतल्या एक्केचाळीस कविता मला चालीसकट पाठ आहेत. चौथीतली मुंगीची, पाचवीतली नदीची, सातवीतली पडक्या किल्ल्याची. त्या चाली आता कुणाला येत नाहीत. माझ्याबरोबर त्या जाणार नाहीत. रोज एक कविता, इंटरनेटवर लाइव्ह.
हिशेब: दिवस सेहेचाळीस, कविता एक्केचाळीस. पाच दिवस हाताशी उरतात. तेवढ्यात त्यासाठी चांगलासा डेस्कटॉप घेऊन होईल.

४ फेब्रुवारी.
परगावच्या मुलीला व्हॉइस मेसेज केला. टाइप करायला अक्षरं फार बारीक. तिचं म्हणणं, बाबा, लाइव्ह वगैरे नंतर बघू, आत्ता फोनवरच एक कविता म्हणा, मी जपून ठेवते. फोनवर! जिथे गॅस सिलिंडरचा नंबर लावायचा तिथे नदीची कविता? कवितेला बैठक लागते. टेबल, खुर्ची, समोर मोठा पडदा. तिला स्पष्ट कळवलं: आधी कॉम्प्युटर, मग कविता.
वाक्य चांगलं जमलं. स्वयंपाकघरातून हीसुद्धा हसली. बहुधा कौतुकाने.

७ फेब्रुवारी, शनिवार.
कॉम्प्युटरच्या दुकानात. मालकीणबाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर, बोलणं चटचट. गेम खेळणार का, व्हिडिओ कापून जोडणार का, की नुसतं लाइव्ह, असं विचारलं. मी म्हटलं, काव्य. त्यांनी वहीत लिहून दिलं: मधल्या दर्जाचा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, साधं ग्राफिक्स कार्ड, फाइली ठेवायला एसएसडी, इंटरनेट वायरचं. आणि सर, सगळ्यात आधी चांगला माईक, तुमचा सगळा खेळ आवाजाचा.
मला हसू आलं. चौतीस वर्षं शिकवलं. प्रार्थनेला मैदानावर उभा राहिलो की फाटकाबाहेरचा पानवालासुद्धा ताठ व्हायचा. कधी माईक धरला नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?
पहिल्याच दुकानात पहिलाच कॉम्प्युटर घेणं मात्र शास्त्रीय नव्हे. परीक्षा घ्यायची. रात्रीच्या जेवणाआधी गुणपत्रिका आखली. प्रोसेसर १००, रॅम ५०, ग्राफिक्स ५०, वळण (म्हणजे दिसणं) २५, शिस्त (म्हणजे पंख्याचा आवाज) २५. माईक हा विषय वगळला.

११ फेब्रुवारी.
चार दुकानं झाली. नऊ उमेदवार. बाकी कविता: एक्केचाळीस. काळजी नाही, एखाद्या दिवशी दोन म्हणू.
दुपारनंतर आवाज जरा घोगरा होतो. खडूची धूळ. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण खडूची धूळ चिवट.

१५ फेब्रुवारी, रविवार.
ड्रॉइंगमास्तर आले. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर यांचं मत तयार. सोळा जीबी म्हणजे लंगोटी, घ्यायचे तर बत्तीस घ्या, म्हणाले. आणि कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची पेटी, काचेची, आत रंगीत दिवे असलेली. मी आधी हसलो, पण त्यांनी फोनवर फोटो दाखवला. निळसर उजेड, आत पंखा संथ फिरतोय. मला तिसरीतल्या वर्गाची खिडकी आठवली. तिला एक तावदान निळं होतं आणि दुपारी कवितेच्या तासाला तो निळा चौकोन सरकत सरकत माझ्या पाटीवर यायचा. आमचे गुरुजी तोवर थांबायचे आणि मग कविता सुरू करायचे. निदान मला तसंच आठवतं.
मास्तरांशी सोळा की बत्तीस यावर दोन तास चर्चा. संध्याकाळी तोंडातून हवाच आली. हिने माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी जुनी पाटी काढून पुढ्यात ठेवली. म्हणाली, आता उद्या सकाळपर्यंत यावर बोला.
पाटीवर लिहिलं: बत्तीस.
ती म्हणाली, चहा बत्तीस कप होणार नाही.

२१ फेब्रुवारी.
निकाल लागला. चौदापैकी चौदा नापास. एक गणितात हुशार पण शिस्तीत शून्य, पंखा विमानासारखा. एक शांत, पण ग्राफिक्समध्ये मठ्ठ. मालकीणबाईंच्या सोळावाल्याला सर्वांत जास्त, चौऱ्याहत्तर टक्के, पण काचेची कॅबिनेट नाही म्हणून वळणात गेला. त्यांना दुकानात जाऊन गुणपत्रिका दाखवली. सर, तुम्ही वर्गात तरी कुणाला पास करायचात का, असं त्यांनी विचारलं. करायचो. फेरपरीक्षेत.
मुलीला सविस्तर निकाल कळवला. सहा व्हॉइस मेसेज लागले. तिने एकच उलट पाठवला: बाबा, एवढ्या वेळात सहा कविता झाल्या असत्या.
तिला काव्याची घाई झाली आहे. घाईत काव्य होत नाही.

२७ फेब्रुवारी.
बरं झालं थांबलो. ड्रॉइंगमास्तरांनी बातमी आणली की महिन्या-दीड महिन्यात नवा प्रोसेसर येतोय. आज घेतलेला तेव्हा जुना होईल. ऑपरेशननंतरही आवाज राहणारच आहे, तेव्हा घाई कशाची?
हिला हे पाटीवर लिहून समजावलं. तिने पाटी पुसून स्वतः लिहिलं: नाचता येईना अंगण वाकडं. अक्षर अजून सुरेख आहे तिचं.
मुलीचा फोन. कालच्या मेसेजमध्ये तुमचा आवाज निम्माच होता, म्हणाली. नेटवर्कचा दोष. हे तिला ओरडून सांगावं लागलं. मग ती म्हणाली, मी नदीची चाल विसरायला लागले आहे बाबा, लहानपणी तुम्ही ती म्हणत वेणी घालायचात, फक्त तेवढी एक म्हणा ना.
मी म्हटलं, तीच पहिल्या दिवशी, लाइव्ह. आधी कॉम्प्युटर...
तिने फोन आईला द्यायला सांगितला.

५ मार्च, गुरुवार.
डॉक्टर. गाठ वाढली आहे. ऑपरेशन अलीकडे ओढलं, १६ मार्च, सोमवार. कमी बोला म्हटलं होतं ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी पाटी दाखवली. ही मध्येच म्हणाली, पाटी घरी, गर्जना दुकानात.
दिवस अकरा, कविता एक्केचाळीस. रोज चार. शाळेत तासाला दोन घ्यायचो, त्यामानाने जड नाही.
परतताना रिक्षात ही खिडकीबाहेर बघत होती. काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही, बोलू नका.

७ मार्च, शनिवार.
कॉम्प्युटर घेतला! निवड अखेर माझ्याच पद्धतीने झाली. म्हणजे मी घरी गुणांची फेरतपासणी करत असताना ही एकटीच दुकानात गेली आणि मालकीणबाईंना म्हणाली, पहिल्या दिवशी वहीत लिहून दिलेला तोच द्या. चौऱ्याहत्तर टक्केवाला. गुणवत्ता झाकून राहत नाही.
यादीवर सही करायला मला फोन करून बोलावलं. यादीत माईक होता. मी खोडला. मग मालकीणबाई म्हणाल्या, निदान हा छोटा कॅमेरा घ्या, याच्या पोटात बारीकसा माईक असतो. तोही खोडला. ड्रॉइंगमास्तर त्यांचा फोटोचा कॅमेरा वायरने जोडून देणार आहेत. त्यातून नुसतं चित्र येतं, पण काय चित्र येतं! मालकीणबाईंनी बिलावर लिहिलं: माईक ग्राहकाने नाकारला. ही म्हणाली, अहो, घ्या ना. मी दोघींकडे बघून फक्त छाती पुढे केली.

१० मार्च.
जोडणी. तीन दिवस गेले. टेबल खिडकीपाशी हलवलं, मग उजेड मागून येतो म्हणून परत. मागे पुस्तकांची मांडणी दोनदा बदलली. कॉम्प्युटर स्वतःला अपडेट करत बसतो, मी त्याच्यासमोर. आवाज राखून ठेवला आहे. एक शब्द बोलत नाही. सगळा साठा शनिवारसाठी. जुन्या विद्यार्थ्यांना मुलीने कळवलं आहे.

१४ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.
पाच वाजता लाइव्ह झालो. एकोणीस प्रेक्षक. वर्गात इतके असले की मी हजेरी पूर्ण मानायचो.
डोळे मिटले आणि नदीपासून सुरुवात केली. इतका मोकळा आवाज वर्षभरात लागला नव्हता. नदी, मुंगी, किल्ला, एकामागून एक अकरा कविता. काचेवर चमक येते म्हणून ड्रॉइंगमास्तरांनी चष्मा काढायला लावला होता, त्यामुळे पडद्यावर भराभर येणाऱ्या ओळी वाचता आल्या नाहीत. येत होत्या पुष्कळ. जितक्या येत तितका मला चेव चढे. किल्ल्याला तर आवाज पार आकाशाला नेला. ही दारात येऊन हातांनी काहीतरी खुणा करत होती. मी तिला हाताने बसायला सांगितलं. ती बसली. मग उठली नाही.
संपल्यावर चष्मा लावला.
आवाज येत नाही सर. सर, आवाज. बाबा, ऐकू येत नाहीये, थांबा. सर, म्यूट आहे का? ड्रॉइंगमास्तर: चित्र अप्रतिम. मालकीणबाई: सर, माईक.
एकाने लिहिलं होतं, ओठांवरून ओळखली सर, नदीची. शेवटच्या बाकावरचा तो.

१५ मार्च, रविवार.
मालकीणबाई सुट्टीच्या दिवशी स्वतः माईक घेऊन आल्या. पैसे नंतर बघू म्हणाल्या. जोडला. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, बोललं की वर चढते. मी नदी सुरू केली. पट्टी हलली नाही. पुन्हा केली. घशातून नुसती हवा. शेजारी कुकरची शिट्टी झाली तेव्हा पट्टी टोकापर्यंत गेली.
मालकीणबाईंनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला आणि वायर तपासत राहिल्या. वायर चांगली होती.

१६ मार्च.
ऑपरेशन. आत नेताना पाटी काढून घेतली.

६ एप्रिल, सोमवार. दुपार.
गाठ साधी निघाली. जिवाला धोका नाही. आवाज मात्र कुजबुजीपुरता, आणि तोही दिवसातून थोडाच. डॉक्टरांनी अतिशयोक्ती केली नव्हती.
मुलगी आली आहे. तिने माझे सगळे व्हॉइस मेसेज ठेवले होते. त्रेपन्न. सगळे नव्या कॉम्प्युटरवर उतरवले. मला क्षणभर आशा वाटली. तिने एकेक लावला. सोळा की बत्तीस. पंख्याचा आवाज. ग्राफिक्समध्ये मठ्ठ. आधी कॉम्प्युटर, मग कविता. हे शेवटचं नऊ वेळा. कविता एकही नाही. आवाज मात्र चांगला होता. घोगरा, पण चांगला. मला तो असा बाहेरून कधी ऐकायला मिळाला नव्हता.
दुपारी ही भाजी निवडायला कॉम्प्युटरच्या खोलीतच बसते आणि निकालाचे सहा मेसेज लावते. पाटीवर विचारलं, त्या रॅमचं काय ऐकतेस? म्हणाली, म्हणता छान.
यावर उपाय आहे. चाल गेली तरी शब्द आहेत. रोज एक कविता पाटीवर लिहून दाखवायची. ही पाटी लहान पडेल. मोठ्या दोन प्रकारच्या मिळतात, दगडी आणि पत्र्याची. दोन्हींची नीट तुलना करावी लागेल. तसं हिला लिहून सांगितलं.
तिने ते पुसलं. पेन्सिल माझ्या हातात दिली. आधी कविता, म्हणाली.
नदीची लिहायला घेतली. चार ओळींत पाटी भरली. दोघींनी वाचली. मुलगी हळूच चाल लावू लागली, तिसऱ्या ओळीला चुकली, माझ्याकडे बघितलं. मी बोटाने टेबलावर ठेका दिला. हिने पदराने पाटी पुसली, परत माझ्या पुढ्यात ठेवली.
म्हणाली, पुढचं.