उत्तर येईपर्यंत

सोमवार
नव्या नोकरीचा श्रीगणेशा झाला आणि माझ्या वाट्याला कान तुटलेला कप आला. या अन्यायाची नोंद असावी. बाकी नोंदणी कार्यालय प्रसन्न आहे: उंच खिडक्या, स्वच्छ काउंटर. मला इथे चिकटवणारी माझी ताई कोपऱ्यातल्या काउंटरवर बसते. साऱ्यांचं रडगाणं एकच. जुनी नोंद शोधायला घेतली की तीस सेकंदांत पडद्यावर ‘वेळ संपली’ असं येतं. मग ही मंडळी सुस्कारे टाकत उठतात, पाय मोकळे करतात, पुन्हा बसतात. हेडक्लार्क सांगत होते, माझ्या आधीच्या इंजिनिअरने जाताना बजावलं होतं की या मर्यादेला हात लावू नका. अज्ञानाला गंभीर मुद्रा फार शोभते.

मंगळवार
डेटाबेसमध्ये शोध का रेंगाळतो, ते पाहायला हवं. पण या नगांसाठी तेवढे कष्ट कोण उपसणार? मर्यादेच्या जागी शून्य टाकलं. शून्य म्हणजे हवा तितका वेळ, वेदान्त्यांनाही पटावं. ताई म्हणाली, आधी एका काउंटरवर करून बघ. मी म्हटलं, तू तुझे शिक्के मार. सगळीकडे लागू केलं.

बुधवार
‘वेळ संपली’ कुठेच नाही. कारकून पडद्यांकडे टक लावून बसलेत. जेवायलाही उठले नाहीत. एवढी कर्तव्यनिष्ठा या ठोंब्यांत कुठून उपजली? हेडक्लार्कांना हाक मारली. मान वळली नाही.

गुरुवार
कालचेच कपडे, त्याच खुर्च्या. घरी कुणी गेलेलंच नाही. ताईसुद्धा. हेडक्लार्कांच्या बुबुळावर माशी बसली, पापणी लवली नाही.
मर्यादा पुन्हा तीस केली. व्यर्थ — ती फक्त नव्या प्रश्नांना लागू. जे आधीच वाट बघतायत, त्यांना नाही. सर्व्हरची वायर उपटली. पडदे तसेच —
ताईला दंड धरून ओढलं. हलेना. पडद्याकडे बघतच म्हणाली, “थांब रे, येतंय.”

शुक्रवार
दाराला आतून कडी लावली. बाहेर पाटी: दुरुस्तीसाठी बंद. गवगवा झाला तर नाचक्की माझीच. खिशाखिशांत फोन वाजतायत, घरचे असणार —
ताईच्या ओठांना पाणी लावलं. ओघळून गेलं.

शनिवार
सर्व्हर चालू केला. शोध कुठे अडतो, ते माझ्याच पडद्यावर विचारलं. मंगळवारीच करायचं काम. विचारल्यावर आठवलं — माझ्या इंजिनिअरच्या लॉगिनला ती मर्यादा मुळी नव्हतीच.
मान वळत नाही. हात तेवढा चालतो, न बघता —
माझं काय व्हायचं ते होवो. ताईचे ओठ फुटलेत. कडी आतून आहे. तिला आता पाणी कोण