पालथं झोपायची सूचना

मंगळवार, ३ फेब्रुवारी
नेवाशाकडचा पेशंट, उजवा डोळा. रोटाव्हेटरची पिन घणानं ठोकताना पोलादाची कपची उडाली. चार दिवस "कचरा गेला असंल" म्हणत घरीच. कुणीतरी पदराच्या टोकानं कचरा काढूनही दिला. कपची पार आत, पडद्यापर्यंत.
केसपेपरवर नाव वाचलं. दत्ता. माझा धाकटा दीर.
सतरा वर्षांनी. मला मास्क, बिल्ल्यावर माहेरचं आडनाव. ओळखलं नाही. "सिस्टर, डोळा वाचंल ना?"
"सर सांगतील."
ह्यांचा तेरावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी यानं माझी ट्रंक रस्त्यावर ठेवली. माझ्या तान्ह्या तनूची दुधाची बाटली आत राहिली होती. मागितली तर आतून कडी लावली.

बुधवार, ४
ऑपरेशन दोन तास. चिमटा सरांच्या हातात मी दिला. कपची तिळाहून लहान. बाटलीत घालून मीच लेबल लावलं.
पडदा बसवून आत गॅसचा बुडबुडा सोडलाय. सात दिवस पालथं. तरच बुडबुडा पडदा दाबून धरतो. उताणं झोपलं की गेलं.

शुक्रवार, ६
द. ला डिस्चार्ज. "सात दिवस पालथं झोपायचं. जेवण, संडास सोडून."
"व्हय."
संपलं. एरवी पेशंटकडून परत वदवून घेते, मग घरच्यांकडून. आज नाही. गर्दी होती.
नव्हती.
जाताना म्हणाला, "ती कपचीची बाटली द्या की, आईला दाखवतो."
"मिळणार नाही."
फार बरं वाटलं.

शनिवार, ७
इथे तरी खोटं कशाला लिहू. त्या घरात एकदा मी पालथी पडून वाचत होते. सासूबाईंनी गदागदा हलवलं. "पालथं निजतं का कुनी? घरात मरन येतं." चार महिन्यांनी ह्यांचा अपघात. मग ते माझ्यावरच आलं. ट्रंक रस्त्यावर आली ती त्यावरूनच.
म्हणजे द. घरी पालथा झोपला की सासूबाई काय करतील, हे दवाखान्यात मला एकटीला माहीत होतं. सूचना दिल्याची सही माझी आहे. सही खोटी नाही.
जाऊ दे एक डोळा. माझं काय काय गेलं.

रविवार, ८
फाइलमधला नंबर लावला. सासूबाईंनीच उचलला. "कोन हाय? मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई!" पूर्वीपासूनच कमी येतं, समोरच्याचे ओठ बघून उत्तर द्यायच्या. मोठ्यानं बोलता आलं असतं.
ठेवून दिला. पुन्हा लावला नाही.

मंगळवार, १०
द. तपासणीला आला, सासूबाई बरोबर. पडदा पुन्हा सुटलाय.
"पालथं झोपला नाहीत?" सर चिडले.
"आईनं निजूच दिलं न्हाई सर. दर बारीला उठवून उताना केला."
सासूबाई सरांच्या ओठांकडे बघत होत्या. "एक लेक त्याच्यापायी गेला माझा. आता दुसरा घालवू व्हय?"
सर माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं ना?"
मी तोंड उघडायच्या आत द. च बोलला, "सिस्टरनी सांगितलं हुतं. त्यांची चूक न्हाई."
यानं माझी बाजू घ्यावी. सतरा वर्षांपूर्वी हेच एक वाक्य त्या घराच्या ओट्यावर म्हणाला असता तर.
राग तसूभरही कमी नाही. वर आता हे.
नंतर सर म्हणाले, पालथं झोपूनही सुटतो कधी कधी. ते धरून बसावंसं वाटतं. धरवत नाही.

बुधवार, ११
उद्या दुसरं ऑपरेशन. वाचला तर वाचला, म्हणाले सर. मग मला, "माझं आजींना पटत नाही, तुम्ही समजावा. त्या ऐकल्याशिवाय हा पालथा झोपायचा नाही."
आजी ओठ बघून ऐकतात. मास्क काढावा लागेल.
नाही काढला, तर समजणार नाही. काढला, तर पालथं निजवा म्हणणारी कोण, ते कळेल. मग तर मुळीच...
दुसऱ्या सिस्टरला समजवायला सांगता येईल. संध्याकाळपर्यंत सांगितलेलं नाही. का, ते अजून नक्की कळत नाही.